वाक्याची चतुःसीमा

(संस्थेच्या वार्षिक समारंभात विद्यार्थी व पालकांसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



सेक्रेटरीसाहेबांनी निमंत्रणाच्या पत्रात विषय दिला होता, 'इंग्रजीचे महत्त्व'. हे महत्त्व मी ३४ वर्षे वर्गात सांगत आलो आणि आता त्या विषयाचा मलाच कंटाळा आला आहे. इंग्रजी महत्त्वाची आहे हे येथे बसलेल्या कोणत्या बापाला पटलेले नाही? तेव्हा त्यांची परवानगी घेऊन मी आज इंग्रजीच्या एका लहानशा कोपऱ्याविषयी बोलणार आहे. एखादी गोष्ट कुठपर्यंत, किती, कोणापुरती आणि कोणत्या अटीवर, हे सांगणारे जे बारीकसारीक शब्दप्रयोग इंग्रजीत असतात, त्यांच्याविषयी. आपली मुले ते वाचताना ओलांडून जातात. मीही ओलांडून गेलो होतो, आणि त्याची किंमत मोजली. ती हकीकत आधी सांगतो.

गोष्ट १९८४ सालची. मी तेव्हा एका हायस्कुलात इंग्रजी शिकवीत होतो. एम.ए. झालो होतो आणि त्याची थोडी घमेंडही होती. स्टाफरूममधल्या एका सहकाऱ्याला बहिणीच्या लग्नासाठी १२ हजार रुपये कर्ज हवे होते. दोन जामीन लागत होते. एक जामीन आमचेच एक वडीलधारे शिक्षक झाले, दुसरा मी. कर्ज देणाऱ्या संस्थेचा छापील कागद इंग्रजीत होता, अगदी बारीक टायपाचा. मी वरवर नजर टाकली. 'जॉइंटली अँड सेव्हरली' असे काहीतरी दिसले. 'सेव्हरल' म्हणजे अनेक, हे मी दरवर्षी आठवीच्या वर्गाला सांगत असे. जामीन दोघे आहेत, म्हणजे भार दोघांत वाटला जाणार, असा मनाशी हिशेब केला आणि मोठ्या ऐटीत सही ठोकली.

दीड वर्षात सहकारी नोकरी सोडून निघून गेले. दुसरे जामीन सेवानिवृत्त झाले. नोटीस आली ती माझ्या नावे, शिल्लक राहिलेल्या ९,४०० रुपयांची, सगळ्याच्या सगळ्या रकमेची. मी तेथल्या हिशेबनिसाला सांगायला गेलो की साहेब, माझा हिस्सा अर्धा. त्यांनी कागद माझ्याकडे फिरवला आणि त्या शब्दांवर बोट ठेवले. गृहस्थ मॅट्रिकपर्यंत शिकलेले. पण त्या शब्दांचा अर्थ त्यांना माहीत होता आणि एम.ए. झालेल्या मला नव्हता.

'सेव्हरल' या शब्दाचा जुना अर्थ 'सुटा, वेगळा' असा आहे. 'अनेक' हा अर्थ त्यातून पुढे निघाला. कायद्याच्या कागदात जुना अर्थच जिवंत राहिला आहे. 'जॉइंटली अँड सेव्हरली' म्हणजे सर्व मिळूनही आणि एकेकटाही, प्रत्येक जण पुऱ्या रकमेला बांधलेला. मग मी हट्टाने करार अधिनियम वाचून काढला, १८७२ चा. त्याच्या कलम १२८ मध्ये म्हटले आहे की जामीनदाराची जबाबदारी मूळ ऋणकोच्या जबाबदारीशी 'को-एक्स्टेन्सिव्ह' असते. म्हणजे त्याची हद्द जिथवर, याची हद्द तिथवर. माझा अर्ध्याचा हिशेब अगदीच खोटा नव्हता. कलम १४६ प्रमाणे जामीनदारांनी आपापसांत भार सारखा वाटून घ्यायचा असतो. पण तो माझ्या आणि त्या वडीलधाऱ्या शिक्षकांच्या दरम्यानचा हिशेब. संस्थेला त्याच्याशी काही देणे-घेणे नव्हते. आणि पेन्शनवर आलेल्या माणसाच्या दारात वाटा मागायला माझे पाऊल उचलले नाही.

मात्र त्याच १२८ व्या कलमाला शेवटी एक शेपूट आहे. करारात वेगळे काही ठरलेले नसेल तर, असे ते शेपूट. म्हणजे सही करण्यापूर्वी 'टू द एक्स्टेंट ऑफ रुपीज सिक्स थाउजंड ओन्ली' इतके शब्द कागदात घालून मागितले असते, तर माझी हद्द सहा हजारांवर थांबली असती. संस्थेने ते मान्य केले असते किंवा माझी जामीनकी नाकारली असती. दोन्ही मला परवडले असते. त्याऐवजी दरमहा २०० रुपये पगारातून कापले गेले, जवळजवळ चार वर्षे. घरात त्या काळात फार भांडण झाले नाही. एवढेच विचारले गेले, "तुम्ही इंग्रजीच शिकवता ना?"

पालकहो, आपल्यापैकी कोणी शेतजमीन घेतली असेल तर खरेदीखतात प्रथम काय पाहिले? चतुःसीमा. पूर्वेस कोणाचे शेत, पश्चिमेस पाणंद, दक्षिणेस ओढा, उत्तरेस रस्ता. अक्षरओळख नसलेला म्हाताराही म्हणतो, बाकीचे राहू दे, चतुःसीमा वाचून दाखव. इंग्रजी वाक्यालाही अशी चतुःसीमा असते. आपण आतले पीक पाहतो आणि बांध पाहायचा विसरतो. गंमत अशी की 'एक्स्टेंट' हा शब्दही जमिनीशीच जोडलेला आहे. मध्ययुगीन इंग्लंडात जहागिरीची पाहणी करून जी मोजदाद आणि आकारणी करीत, तिला 'एक्स्टेंट' म्हणत.

आपल्या भाषेत हद्द दाखविणारे शब्द कमी नाहीत. 'हद्द' हा शब्दच अरबीतून येऊन मराठीत घरचा झाला. पुरता, पर्यंत, इतपत, शक्यतो, जमेल तेवढे, हे आपण दिवसातून पन्नास वेळा बोलतो. "शक्यतो येतो" असे कोणी म्हटले की यजमान त्याचे ताट धरीत नाही. हे कोणाला शिकवावे लागत नाही. मग इंग्रजीत अडते कुठे? मराठीत हा प्रत्यय शब्दाला चिकटून येतो, 'माझ्यापुरते', 'शंभरापर्यंत'. तो सुटत नाही. इंग्रजीत त्यासाठी चार-पाच बारके शब्द सुटे उभे राहतात आणि प्रत्येक शब्द आधीपासून ओळखीचा असतो. 'टू', 'द', 'ऑफ', 'अ‍ॅज', 'फार'. ओळखीचे म्हणून विद्यार्थी डिक्शनरी उघडत नाही. तो अवघड शब्दांचे अर्थ समासात लिहून ठेवतो आणि वाक्य समजले असे समजतो.

एक जोडी घ्या. 'टू द एक्स्टेंट दॅट' आणि 'टू सच अ‍ॅन एक्स्टेंट दॅट'. फरक एका 'सच'चा. नदीला 'टू सच अ‍ॅन एक्स्टेंट' पाणी चढले की शाळा बंद ठेवावी लागली, म्हणजे इतके चढले की. येथे प्रमाण मोठे आहे आणि त्याचा परिणाम सांगितला आहे. पण निधी उपलब्ध असेल 'टू द एक्स्टेंट', फी परत मिळेल, याचा अर्थ जेवढा निधी तेवढीच फी. निधी शून्य असेल तर फीही शून्य, आणि वाक्य तरीही खरेच राहील.

दुसरी जोडी. 'अ‍ॅज मेनी अ‍ॅज फॉर्टी' आणि 'अप टू फॉर्टी'. एका विद्यार्थ्याने बातमीचे भाषांतर करताना दोन्हींना '४० पर्यंत' केले. पहिल्याचा अर्थ तब्बल ४०. आकडा तेवढाच, आणि तो मोठा वाटतो आहे. दुसऱ्यात ४० ही वरची मर्यादा आहे, चारच निघाले तरी वाक्य खोटे पडत नाही. दुकानावरच्या पाटीत '५० टक्क्यांपर्यंत सूट' असते, तेथे आपण सगळे हुशार असतो. शिष्यवृत्तीच्या जाहिरातीत तेच 'अप टू' आले की मात्र वरचा आकडा धरून घरखर्चाचा हिशेब मांडतो. 'नो मोअर दॅन टेन' म्हणजे अवघे दहाच, आणि 'नॉट मोअर दॅन टेन' म्हणजे दहाहून अधिक नाहीत, हाही असाच फरक आहे. तो परीक्षेत विचारीत नाहीत, विचारायला हवा.

'अ‍ॅज फार अ‍ॅज आय नो' म्हणजे माझ्या माहितीप्रमाणे. 'अ‍ॅज फार अ‍ॅज आय अ‍ॅम कन्सर्न्ड' म्हणजे माझ्यापुरते विचाराल तर. पहिल्यात माणूस आपल्या माहितीची हद्द कबूल करतो, दुसऱ्यात आपले मत सांगतो. घरी उर्दू बोलणाऱ्या मुलांना दुसरा प्रयोग सोपा जावा, 'जहाँ तक मेरा ताल्लुक है' हे त्याचे जुळे भावंड आहे. फक्त शेवटचे 'कन्सर्न्ड' गाळू नका. आपल्याकडे "अ‍ॅज फार अ‍ॅज फीज..." असे म्हणून वक्ता पुढे निघून जातो आणि वाक्य पुलाच्या मध्यावर सोडलेले राहते.

किनाऱ्यावरच्या मुलांसाठी एक. 'बाय अँड लार्ज' म्हणजे एकंदरीत पाहता. हा खलाशांचा शब्द. शिडाच्या जहाजाला शक्य तितके वाऱ्याच्या रोखाने नेणे म्हणजे 'बाय', आणि वारा बाजूने वा मागून घेऊन मोकळे हाकणे म्हणजे 'लार्ज'. दोन्ही तऱ्हांनी जे जहाज नीट चालते ते एकंदरीत चांगले. होडीत वाढलेल्या मुलाला हे माझ्याहून लवकर कळेल.

आता 'स्कोप'. आपल्याकडे हा शब्द फार लाडका. "या लाईनला स्कोप आहे का, सर?" असे प्रत्येक पालक विचारतो आणि त्याला म्हणायचे असते, नोकरी मिळेल का, पुढे वाव आहे का. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ लक्ष्य, निशाण. तो इटालियनमधून इंग्रजीत आला. वाव हा त्याचा एक अर्थ खराच. पण नोकरीच्या करारात 'स्कोप ऑफ वर्क' असे येते तेव्हा त्याचा वावाशी संबंध नसतो. तेथे तो कुंपण असतो. कोणते काम तुमचे आणि कोणते तुमचे नाही, ते त्या परिच्छेदात लिहिलेले असते. आखाती देशांत जाणाऱ्या आपल्या मुलांनी तो परिच्छेद, आणि विशेषतः त्याच्या शेवटी 'अँड सच अदर ड्यूटीज' असे शब्द आहेत का, हे पगाराच्या आकड्याआधी पाहावे. ते शब्द असतील तर कुंपणाला एक बाजूच नाही.

मित्रहो, हे फक्त कर्जाच्या आणि नोकरीच्या कागदांचे नाही. आपले संविधान घ्या. अनुच्छेद १३ जुन्या कायद्यांविषयी सांगतो की ते मूलभूत हक्कांशी विसंगत असतील, तर विसंगतीच्या व्याप्तीपुरते शून्य. तेच 'टू द एक्स्टेंट' तेथे आहे. म्हणजे कायदा सबंध फेकायचा नाही. आंबा एका बाजूने नासला तर आपली आई तेवढाच भाग कापून टाकते, तसे. अनुच्छेद ४१ मध्ये शिक्षणाच्या हक्काची तरतूद राज्याने करावी असे आहे, पण आर्थिक कुवतीच्या मर्यादेत. मूळ अनुच्छेद ४५ मध्ये १४ वर्षांपर्यंतच्या मुलांना मोफत व सक्तीचे शिक्षण दहा वर्षांच्या आत देण्याचा 'प्रयत्न' राज्य करील, असे होते. दहा वर्षे १९६० साली संपली. प्रयत्न या शब्दाची हद्द एवढीच. पुढे २००२ च्या ८६ व्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद २१-अ आला, त्यात 'प्रयत्न' उरला नाही, राज्य शिक्षण देईल असे आले, मात्र वय ६ ते १४ असे ठरले आणि पद्धत कायद्यावर सोपविली. तो कायदा २००९ साली झाला आणि १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. एक क्रियापद बदलायला देशाला अर्धशतक लागले.

आणि आपल्या संस्थेचा ज्याच्याशी रोजचा संबंध, तो अनुच्छेद ३०. अनुच्छेद २५ ची सुरुवातच 'सब्जेक्ट टू' या शब्दांनी होते. म्हणजे पुढे जे येईल ते सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता व आरोग्य यांच्या अधीन. 'सब्जेक्ट टू' मागची गोष्ट पुढच्या गोष्टीच्या खाली बसवतो. 'नॉटविथस्टँडिंग' नेमका उलटा, तो इतर काहीही असले तरी म्हणून वर बसतो. अनुच्छेद ३० (१) मध्ये, जेथे अल्पसंख्याकांना आपल्या पसंतीच्या शिक्षणसंस्था स्थापण्याचा आणि चालविण्याचा हक्क दिला आहे, तेथे 'सब्जेक्ट टू' नाही. काही जणांना वाटले, कुंपण नाही म्हणजे हद्दच नाही. पण केरळ शिक्षण विधेयकाच्या प्रकरणात १९५८ साली सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की संस्था चालविण्याच्या हक्कात ती वाईट चालविण्याचा हक्क येत नाही. हद्द 'चालविणे' या शब्दाच्या पोटातच होती. आमच्यासारख्या संस्थेत ज्यांच्या हाती किल्ल्या आहेत, त्यांनी हे वाचून ठेवावे. अध्यक्षसाहेब हसत आहेत, म्हणजे त्यांनी वाचलेले दिसते.

वेळ संपत आली. एक व्यवहाराची गोष्ट राहिली, ती दिवस मोजण्याची. आदेशाच्या तारखेपासून ३० दिवसांच्या आत अपील करा, असा कागद येतो तेव्हा ते ३० दिवस कोठून मोजायचे? सर्वसाधारण खंड अधिनियम, १८९७ याच्या कलम ९ प्रमाणे 'फ्रॉम' म्हटले की पहिला दिवस सुटतो आणि 'टू' म्हटले की शेवटचा दिवस धरला जातो. आदेश १ जूनचा असेल तर २ जून हा पहिला दिवस आणि १ जुलै हा तिसावा. पण कागदावर 'आदेशाच्या तारखेपासून' आहे की 'आदेश मिळाल्यापासून' आहे, ते आधी पाहा. पाकीट कधी आले ते दाखविणारा पोस्टाचा शिक्का असतो, म्हणून पाकीट फेकू नका.

शनिवारी दुपारी ३ ते ५ मी संस्थेच्या वाचनालयात बसतो. कोणाकडे न समजलेला इंग्रजी कागद असेल, नोकरीचा, कर्जाचा, वसतिगृहाचा, तर घेऊन या. आपण मिळून वाचू. झेरॉक्स आणा, मूळ कागद घरी ठेवा. आणि सही करण्याच्या आधीच्या शनिवारी या, नंतरच्या नव्हे.