यंत्राच्या तालातला सुटलेला सूर

बंदिश तीच असली, तरी गळा बदलला की तिचा चेहरामोहरा बदलतो, आणि हा पालट गायकाचा गुण मानला जातो. परंतु ज्या गाण्यात ताल यंत्राचा आणि बहुतेक सूरही यंत्राचे, त्यात माणसाचा माग कोठे काढावयाचा? इंग्लंडमधील 'न्यू ऑर्डर' या वाद्यवृंदाच्या एका तबकडीत या प्रश्नाचे उत्तर सापडते.

या मंडळींचा आधीचा संच म्हणजे मँचेस्टरचा 'जॉय डिव्हिजन'. त्याचा गायक इयन कर्टिस याने १९८० च्या मे महिन्यात, वयाच्या अवघ्या २३ व्या वर्षी, आपली जीवनयात्रा संपविली. मागे उरलेल्या तिघांनी नवे नाव धारण केले. गिलियन गिल्बर्ट ही वादिका त्यांना येऊन मिळाली. आणि हा संच हळूहळू विद्युत्-वाद्यांकडे वळला. त्यातूनच मार्च १९८३ मध्ये 'ब्लू मंडे' हे नृत्यगीत प्रसिद्ध झाले.

यंत्राला स्वरांचा क्रम शिकविण्याचे काम गिल्बर्टकडे होते. एकेक सूर हाताने भरावा लागे. त्यासाठी तिने कागदाला कागद चिकटवून, विणकामाच्या नमुन्यासारखा, लांबच लांब आराखडा केला होता. तो भरताना एक सूर अनवधानाने सुटला, आणि धून तालापासून किंचित सरकली. ती तशीच मुद्रित झाली, आणि रसिकांच्या कानांत तशीच ठसली.

हे गीत साडेसात मिनिटांचे. बारा इंची तबकडीवर खाचांना ऐसपैस जागा मिळते, त्यामुळे नृत्यगृहात खर्जाचा ठोका दमदारपणे उमटतो. तबकडीच्या मागील बाजूस 'द बीच' या नावाने त्याच गीताचे मोडून पुन्हा जुळविलेले रूप होते. म्हणजे पुनर्मिश्रणाचे बीज मूळ तबकडीतच पेरलेले होते. १९८३ मध्ये ब्रिटनच्या खपाच्या यादीत नवव्या क्रमांकापर्यंत पोहोचलेले हे गीत १९८८ मध्ये अमेरिकन संगीतकार क्विन्सी जोन्स आणि जॉन पोटोकर यांनी नव्याने मिश्रित केले, तेव्हा तिसऱ्या क्रमांकावर गेले. १९९५ मध्ये 'हार्डफ्लोर' या जर्मन जोडीने त्याला आणखी एक रूप दिले.

मात्र बंदिशीचे नूतनीकरण आणि हे पुनर्मिश्रण एकच नव्हे. गायक बंदिश पुन्हा जन्मास घालतो. मिश्रणकार जुन्या वाड्याच्या तुळया आणि खांब उतरवून त्यांचेच नवे घर उभारतो. घर कितीही नवे झाले, तरी लाकडावरची जुनी खूण पुसत नाही.

यंत्र आपण होऊन चुकत नाही. माणसाने केलेली चूक मात्र ते इमानाने जपते. गेल्या मित्रामागून चाचपडत निघालेल्या चौघांपैकी एकीच्या हातून तो सूर निसटला. तबकडी फिरते, तेव्हा त्या रिकाम्या जागेत माणसाचाच हात जाणवतो.