बाटलीवरचा शब्द आणि वहीतली नोंद



आज वाइनबद्दल बोलणार आहे. “ताई, दारूबंदीचा ठराव आपणच केला, आणि आता रेडिओवर वाइन?” असं तुम्ही म्हणाल. रास्त आहे. मी कुणाला प्या म्हणायला आलेली नाही. पण नाशिक, दिंडोरी, निफाडच्या द्राक्षबागांत खुडणीला हात आपले असतात. बागेत मारलेलं औषध आधी आपल्या अंगावर येतं, मग गिऱ्हाइकाच्या तोंडात जातं. म्हणून सेंद्रिय आणि नैसर्गिक वाइनला मागणी का वाढतेय, हे आपल्याला कळायला हवं.

सेंद्रिय म्हणजे बागेत रासायनिक खत नाही, तणनाशक नाही, रासायनिक कीटकनाशक नाही. पण फवारणीच नाही, असं नव्हे. भुरीवर गंधक आणि डाऊनीवर मोरचूद-चुन्याचं बोर्डो मिश्रण मर्यादेत चालतं. हे मिश्रण मुळात फ्रान्समधल्या बोर्डो भागातल्या द्राक्षबागांतूनच आलं. तेव्हा सेंद्रिय बागेतही फवारताना हातमोजे आणि तोंडाला फडकं हवंच.

नैसर्गिक वाइन त्याच्या एक पाऊल पुढे जाते. आंबोळीचं पीठ रात्रभर ठेवलं की आपोआप फुगतं ना? तसाच द्राक्षाचा रस सालीवरच्या यीस्टनेच आंबवायचा, बाहेरून काही घालायचं नाही. बेदाण्याला आपण गंधकाची धुरी देतो, तसं वाइन टिकावी म्हणून तिच्यात सल्फाइट घालतात. नैसर्गिक वाइनमध्ये ते घालत नाहीत किंवा अगदी थोडं घालतात. फ्रान्सच्या बोजोले भागात मार्सेल लापिएर आणि त्यांच्या शेजारच्या शेतकऱ्यांनी १९८०च्या दशकात हा मार्ग धरला.

मागणी वाढली तसा ‘नैसर्गिक’ हा शब्द कुणीही छापू लागलं. मग नियम आले. युरोपात २०१२ पासून ‘सेंद्रिय वाइन’ म्हणायला सल्फाइटची मर्यादा ठरली. साखर न उरलेल्या लाल वाइनमध्ये ते लिटरला १०० मिलिग्रॅमपर्यंतच चालतं. २०२० मध्ये फ्रान्सने नैसर्गिक पद्धतीच्या वाइनसाठी वेगळी खूण मान्य केली. तिच्या अटी अशा : द्राक्षं प्रमाणित सेंद्रिय, खुडणी हातानेच, आणि सल्फाइट लिटरला ३० मिलिग्रॅमच्या आत.

यातून आपण काय घ्यायचं? नुसत्या शब्दाला भाव नसतो, भाव पुराव्याला असतो. आणि पुरावा ठेवणं आपल्याला नवीन नाही. महिन्याच्या बैठकीत आपण एकमेकींची पासबुकं तपासतोच. केंद्र सरकारची पीजीएस पद्धत अशीच चालते. किमान पाच शेतकऱ्यांचा गट एकमेकांच्या शेतावर जाऊन पाहणी करतो आणि हमी देतो. निर्यातीला मात्र बाहेरच्या तपासणी संस्थेचा दाखला लागतो. फळबाग सेंद्रिय ठरायला साधारण तीन वर्षं लागतात. त्या काळात उत्पन्न घटू शकतं आणि सेंद्रियचा भावही मिळत नाही. म्हणून घाईने कर्ज काढू नका. खरेदीदार कोण, ते आधी विचारा.

आज एवढंच करा. एक वही घाला. तारीख, काय फवारलं, किती फवारलं, कुणी फवारलं, हे रोजच्या रोज लिहा. बाग द्राक्षाची असो की डाळिंबाची, ही वही लागणारच. सातबारावर आपलं नाव असो-नसो, वही आपल्या हातात असू द्या. पुढच्या बैठकीत ती सोबत आणा.

नमस्कार.