स्नूकर आणि खांद्याचें स्वास्थ्य

खेळ म्हटला कीं धांवणें, धाप आणि घाम हींच डोळ्यांपुढें येतात. स्नूकरच्या टेबलाभोंवतीं यांपैकीं कांहींच दिसत नाहीं. म्हणून हा निव्वळ आरामाचा खेळ अशी समजूत आहे. मग क्लबांतून घरीं परतलेल्या गृहस्थास सदरा काढतांना खांद्यांत कळ कां यावी?

नागपूरकरांस या खेळाचें थोडें अधिक अगत्य वाटावें असें कारण आहे. १८७५ सालीं जबलपूर येथें लष्करी अधिकाऱ्यांच्या भोजनगृहांत नेव्हिल चेंबरलेन या तरुण अंमलदारानें बिलियर्डच्या टेबलावर रंगीत चेंडू वाढवून हा खेळ सिद्ध केला, असें मानतात. (पुढें इंग्लंडचे पंतप्रधान झाले ते चेंबरलेन निराळे.) त्या काळीं जबलपूर मध्यप्रांतांत होतें आणि त्या प्रांताची राजधानी नागपूर होती. म्हणजे हा खेळ एका अर्थीं घरचाच.

खांद्याची उखळी उथळ आणि तींत फिरणारा दंडाच्या हाडाचा गोळा मोठा. त्यामुळें हात चहूंकडे फिरतो. परंतु सांधा जागेवर राखण्याचें बरेंचसें काम भोंवतालच्या चार लहान स्नायूंवर पडतें. हात ताणून धरला कीं या स्नायूंस विसांवा मिळत नाहीं. स्नूकरचें टेबल १२ फूट लांब, ६ फूट रुंद व पावणेतीन फुटांहून किंचित् अधिक उंच असतें. तें खेळाडूसाठीं जवळ सरकत नाहीं. खेळाडूनेंच त्याच्याकडे गेलें पाहिजे, आणि तेंही पायांनीं. नवखा खेळाडू येथेंच चुकतो. तो उभा असेल तेथूनच कमरेंत वांकतो व हात लांबवितो. पुढच्या खांद्यावर सारें अंग रेलतें आणि खांदा कानाशीं जाऊन भिडतो.

याउलट प्रथम सरळ उभें राहून चेंडूची दिशा पाहावी, मग त्या रेषेवर पाऊल टाकावें आणि त्यानंतरच खालीं वांकावें. पायांत खांद्यांइतकें अंतर असावें व पुढचा गुडघा थोडा वांकलेला असावा. भार पायांवर राहिला म्हणजे हिरव्या बनातीवर हात केवळ टेकतो. तो अगदीं ताठ केल्यानें खांदा वर चढत असेल, तर कोंपर किंचित् मोकळें सोडावें.

मागच्या हाताचा दंड शक्य तितका स्थिर ठेवावा. कोंपरापासून खालचा हात घड्याळाच्या लंबकासारखा हलावा आणि आघाताच्या क्षणीं तो जमिनीशीं जवळजवळ काटकोनांत असावा. क्यूची पकड वैद्य नाडी पाहतो तितकीच हलकी असावी. मूठ आवळली कीं तो ताठरपणा मनगटांतून थेट खांद्यांत चढतो, आणि चेंडूही वांकडा जातो.

दूरच्या चेंडूसाठीं टेबलावर आडवें पडण्याची हौस पुष्कळांस असते. आघात करतांना एक पाऊल जमिनीस लागलेलें असावें असा नियमच आहे. ‘रेस्ट’ नांवाची आधारकाठी घेण्यांत कमीपणा मुळींच नाहीं. मात्र ती वापरतांना कोंपर उगाच उंच उचलूं नये.

नामांकित खेळाडूंच्या छायाचित्रांबरहुकूम अंग वळविण्याचाही हट्ट नसावा. १९२७ ते १९४६ या काळांत १५ वेळां जगज्जेते ठरलेले जो डेव्हिस यांची उजव्या डोळ्याची दृष्टि फार अधू होती. त्यांनीं क्यू हनुवटीच्या मध्याखालीं न धरतां डाव्या डोळ्याखालीं धरला. आपल्या शरीरास अनुकूल तीच रीत त्यांनीं बसविली.

एवढें करूनही खांदा दुखूं लागल्यास डाव अर्धा टाकून क्यू ठेवून द्यावा. रात्रीं त्या कुशीवर निजवेनासें झालें किंवा हात वर उचलेनासा झाला, तर तेलपाण्यावर विसंबून न राहतां डॉक्टरांस दाखवावें. पन्नाशी उलटल्यावर मैदानी खेळ एकेक करून सुटत जातात. स्नेह्यांच्या संगतींत उभ्यानें खेळतां यावेत असे जे थोडे खेळ उरतात, त्यांत हा एक आहे. एका सायंकाळच्या ईर्ष्येपायीं तो गमावूं नये.