हामोनच्या क्रोकेता

स्पेन देशांतील 'क्रोकेता' या पदार्थाविषयीं आज दोन शब्द बोलावयाचे आहेत. उरलेलें अन्न वायां जाऊं नये या काळजींतून स्पेनमधील घरोघरीं हा पदार्थ रुजला, आणि तो बिघडतो तोहि बहुधा ही गोष्ट विसरल्यामुळेंच.

नांव मूळचें फ्रेंच. 'कुरकुर खाणें' अशा अर्थाच्या धातूपासून निघालेलें. परंतु स्पेनमध्यें येऊन ही क्रोकेता इतकी मऊ झाली कीं, एमिलिया पार्दो बाझान या विख्यात लेखिकेनें १९१३ सालच्या आपल्या पाकग्रंथांत फ्रेंच क्रोकेतेपेक्षां तिलाच उजवी ठरविलें. आपल्या गोव्यांतील क्रोकेट याच कुळांतलें; पण तें खिम्याचें, येथें सारी मदार दुधावर.

हामोन म्हणजे डुकराची मागची तंगडी मिठांत पुरून, मग कित्येक महिने हवेंत टांगून वाळविलेली. खेड्यापाड्यांतून डुकरें मारण्याचा हंगाम संत मार्टिनच्या सणाच्या, म्हणजे ११ नोव्हेंबरच्या, सुमारास सुरू होई. इतक्या खटपटीचें मांस! त्याचे पातळ काप खाऊन झाल्यावर हाडाशीं जे कोरडे तुकडे उरत, ते कोणत्या गृहिणीस टाकवतील?

दूध एक लिटर, लोणी व मैदा प्रत्येकीं १०० ग्रॅम, आणि हामोन अवघें १५० ग्रॅम. हाड घरीं असल्यास तें आधीं दुधांत मंदाग्नीवर उकळून काढावें. लोण्यांत बारीक चिरलेलें हामोन क्षणभर परतावें, मैदा घालून त्याचा कच्चा वास जाईपर्यंत भाजावा, पण लाल होऊं देऊं नये. मग ऊन दूध थोडें थोडें ओतीत एकसारखें ढवळीत राहावें. घाई नडते ती येथेंच. निदान पंधरा-वीस मिनिटें हात थांबतां कामा नये. मिश्रण भांड्याच्या कडा सोडूं लागलें म्हणजे उतरावें. जायफळ किंचित्. मीठ मात्र चाखूनच, कारण हामोन स्वतःच खारट.

मिश्रण ताटांत पसरून रात्रभर थंड जागीं ठेवावें. सकाळीं लांबट गोळे वळून अंड्यांत बुडवावे, पावाच्या चुऱ्यांत घोळवावे व चांगल्या तापलेल्या तेलांत थोडे थोडे तळावे. तेल कोमट राहिलें कीं कवच फुटून आंतला मऊ गर बाहेर आलाच म्हणून समजा.

मांस जितकें अधिक तितकी क्रोकेता चांगली, हा समज मला मान्य नाहीं. खारटपणा वाढतो व दुधाचा गोडवा मरतो. गोठविलेल्या तयार क्रोकेता आतां स्पेनच्या दुकानांत सर्रास मिळतात. सोय खरी, पण घरांत उरलेल्या हामोनाची वाट त्यानें लागत नाहीं.

उपवासकाळाच्या शुक्रवारीं मांस वर्ज्य. त्या दिवशीं तेथें हामोनाच्या जागीं खारविलेला कॉड मासा येतो. कृति तीच, फक्त मासा अगोदर एक-दोन दिवस पाण्यांत ठेवून, पाणी वारंवार बदलीत, त्याचें मीठ उतरवावें लागतें.