कुजबूज आईपाशीच का थांबते?

(रौप्यमहोत्सवी व्याख्यानमालेत आपल्या सोसायटीतील बालरोगतज्ज्ञ रहिवासी भगिनींनी दिलेले भाषण)



कमिटीने मला ‘मुलांचं आरोग्य’ हा विषय दिला. त्यातली एकच गोष्ट मी घेतेय, स्वमग्नता म्हणजे ऑटिझम. अशा मुलाबद्दल लिफ्टमध्ये, पार्किंगमध्ये कुजबूज होते आणि ती हमखास आईपाशी येऊन थांबते. ‘नोकरी करते ना, लक्ष दिलं नसेल.’ ‘मोबाइल दिला असेल हातात.’

हा आरोप जुना आहे. अमेरिकेत लिओ कॅनर यांनी १९४३ मध्ये अशा ११ मुलांचं वर्णन केलं. पुढे कित्येक वर्षं तिथल्या मोठमोठ्या तज्ज्ञांनी ‘थंड स्वभावाच्या आया’ हेच कारण सांगितलं. केवढ्या बायकांनी ते मुकाट्याने ऐकलं असेल!

मग १९७७ मध्ये ब्रिटनमधला जुळ्यांचा अभ्यास आला. फक्त २१ जोड्या. एकसारख्या जुळ्यांच्या ११ जोड्यांपैकी ४ जोड्यांत दोघांनाही ऑटिझम होता. वेगळ्या दिसणाऱ्या जुळ्यांच्या १० जोड्यांपैकी एकीतही दोघांना नव्हता. दोन्हीकडे जुळ्यांची आई एकच, घर एकच. फरक एवढाच की एकसारख्या जुळ्यांची जनुकं जवळपास सारखी असतात. अभ्यास छोटा होता, पण पुढच्या मोठ्या अभ्यासांनीही आनुवंशिकतेचा वाटा मोठा असल्याचंच दाखवलं. जनुकं म्हणजेच सगळं, असंही नाही. दिवस भरण्याच्या खूप आधी जन्मलेल्या बाळांमध्ये ऑटिझमचं प्रमाण जास्त दिसतं.

आता मेंदूत काय होतं ते पाहू. बहुतेक चेतापेशी पोटात असतानाच तयार होतात. जन्मानंतर त्यांच्यातले सांधे भराभर वाढतात, गरजेपेक्षा कितीतरी जास्त. आंब्याला मोहोर भरघोस येतो, त्यातला बराच गळतो, मग उरलेली फळं पोसतात ना? तसंच. वापरात नसलेले सांधे मेंदू हळूहळू काढून टाकतो. कोलंबिया विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१४ मध्ये मृत्यूनंतर मिळालेले मेंदू तपासले. इतरांमध्ये बालपण संपेपर्यंत हे सांधे जवळजवळ निम्म्याने कमी झाले होते, ऑटिझम असलेल्यांत साधारण १६ टक्केच. प्रत्येक मुलात हेच घडतं असं नाही. शंभराहून अधिक जनुकांचा ऑटिझमशी संबंध सापडलाय. त्यातली बरीच या सांध्यांच्याच कामाची आहेत.

आपल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर अधूनमधून येणाऱ्या लसीच्या मेसेजबद्दल दोनच वाक्यं. ज्या १९९८ च्या लेखावरून हे सुरू झालं, तो त्या नियतकालिकाने २०१० मध्ये मागे घेतला. २०१९ मध्ये डेन्मार्कमध्ये साडेसहा लाखांहून जास्त मुलांची माहिती तपासली, संबंध आढळला नाही. तेव्हा लस चुकवू नका.

आणि हो, पुष्कळ ऑटिस्टिक मुलांना आवाज सहन होत नाही. ढोलपथक आलं की कान दाबून धरणारं मूल हट्टी नसतं. ढोल गेटबाहेर वाजवता येतील का, कमिटीने बघावं.

वर्षाचं मूल हाक मारल्यावर वळत नसेल, दीड वर्षाचं होऊनही बोटाने काही दाखवत नसेल, तर ‘मुलगे उशिराच बोलतात’ म्हणत थांबू नका. या वयात मेंदूची जुळणी चालूच असते, म्हणून थेरपी जितकी लवकर तितकी बरी.

काहींना सगळ्यांसमोर विचारणं अवघड वाटेल. चहा झाल्यावरही मी इथेच आहे.