शिराझ, बॅरोसा आणि काकांची बाग

आजचा विषय आहे शिराझ नावाची रेड वाइन. पिणाऱ्यांनी ऐका, न पिणाऱ्यांनीही ऐका. कारण गोष्ट बाटलीपेक्षा शेताची जास्त आहे.

माझ्या काकांची दिंडोरीजवळ दोन एकर शिराझ होती. मी कॉलेजात असताना त्यांनी ती मुळासकट काढली. माल उचलतो म्हणणाऱ्यांनी ऐन तोडणीला हात वर केले. आणि वाइनची द्राक्षं खायच्या द्राक्षांसारखी बाजारात खपत नाहीत. मणी बारीक, आत बिया. काका एवढंच म्हणाले, "बाग ठेवून खायचं काय?" ते वाक्य माझ्या डोक्यातून जाईना.

आता शिराझकडे येऊ. नाव ऐकून वाटतं, इराणमधल्या शिराझ शहरातून आली असणार. तशी दंतकथाही आहे. पण १९९०च्या दशकाच्या शेवटी डीएनए तपासला, तेव्हा आईबाप दोन्ही फ्रान्सचे निघाले: द्युरेझा आणि माँद्यूझ ब्लांश. फ्रान्समध्ये हिला सिराह म्हणतात. १८३२ मध्ये जेम्स बस्बी नावाच्या माणसाने युरोपातून गोळा केलेल्या द्राक्षवेलींच्या काड्या ऑस्ट्रेलियात पोचल्या, त्यात हीपण होती. तिथे तिची झाली शिराझ.

अ‍ॅडलेडपासून गाडीने तासाभरावर बॅरोसा व्हॅली आहे. १८४० च्या दशकात इथे जर्मन भाषिक शेतकरी येऊन वसले, त्यांनी वेली लावल्या. उन्हाळा कडक आणि कोरडा. अशा उन्हात मण्यात साखर भरपूर चढते, आंबटपणा उतरतो. साखरेचीच पुढे अल्कोहोल होते, म्हणून बॅरोसाची शिराझ बऱ्याचदा साडेचौदा टक्क्यांच्या आसपास जाते. रंग जांभळट काळा. वास पिकलेल्या ब्लॅकबेरीचा, आलुबुखाराचा, कधी चॉकलेटचा, ज्येष्ठमधाचा. अमेरिकन ओकच्या पिंपात ठेवली की व्हॅनिला आणि नारळाची झाक येते. हीच वेल थंड भागात लावा, वाइन सडपातळ होते आणि काळ्या मिरीचा वास पुढे येतो. तो वास रोटुंडोन नावाच्या द्रव्याचा, आणि थंडीत ते जास्त तयार होतं. म्हणजे जात एकच, बोलणं मात्र त्या त्या गावचं.

एकोणिसाव्या शतकात फायलोक्सेरा या मुळं खाणाऱ्या किडीने युरोपच्या बागा उद्ध्वस्त केल्या. ती कीड बॅरोसात कधी पोचलीच नाही. त्यामुळे १८४३ मध्ये लावलेल्या शिराझच्या वेली तिथे आजही फळ देतात!

पण किडीतून वाचलेल्या या वेली बाजारभावाने जवळजवळ मारल्या. १९८० च्या दशकात द्राक्षं जास्त झाली, भाव पडले आणि सरकारने बागा उपटायला चक्क पैसे दिले. शंभर-शंभर वर्षांच्या वेली गेल्या. ज्या राहिल्या, त्यांच्यामागे काही माणसं होती. पीटर लेहमन ज्या कंपनीत होता, तिने द्राक्षं घेऊ नको असं सांगितलं. शेतकऱ्यांना दिलेला शब्द पाळायला त्याने वेगळा धंदा उभा केला. रॉबर्ट ओ'कॅलहनसारख्या छोट्या वाइनमेकर्सनी जुन्या वेलींच्या मालाला चांगला भाव दिला. २००९ मध्ये बॅरोसाने वेलींच्या वयाप्रमाणे दर्जेच ठरवले. १२५ वर्षं ओलांडलेल्या वेलीला तिथे 'अ‍ॅन्सेस्टर' म्हणतात. म्हणजे पूर्वज!

मला वाटायचं, काकांचं बागेवरचं प्रेम कमी पडलं. तसं नव्हतं हो. बॅरोसातल्या शेतकऱ्यांचंही प्रेम पुरलं नसतं. पडत्या वर्षात माल घेणारा एक माणूस लागतो. तो तिथे भेटला, काकांना नाही भेटला.

त्या दोन एकरांत आता टोमॅटो असतो. परवा काकांना हे सगळं सांगितलं. ते जरा वेळ गप्प बसले, मग म्हणाले, "पूर्वज म्हणतात होय वेलीला? बरंय."

भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या!