कुळाचा शोध : शिरगणतीपासून गावच्या दप्तरापर्यंत

(बारामती औद्योगिक वसाहतीत शिक्षक, पंचायत सदस्य आणि महसूल कर्मचारी यांच्यासमोर दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



कुळाचा इतिहास म्हटला की तो संस्थानिकांचा, सरदारांचा किंवा वतनदारांचा असावा, अशी आपली एक समजूत होऊन बसली आहे. सामान्य शेतकऱ्याच्या, कारागिराच्या किंवा मजुराच्या घराण्याला इतिहास असतो आणि तो कागदावर सापडू शकतो, हे सहसा कोणाच्या ध्यानी येत नाही. परंतु गेल्या काही वर्षांत या प्रश्नाला मोठे व्यावहारिक महत्त्व प्राप्त झाले आहे. मुलाला व्यावसायिक अभ्यासक्रमास प्रवेश घ्यावयाचा असो, राखीव जागेवरून ग्रामपंचायतीची निवडणूक लढवावयाची असो किंवा वडिलोपार्जित जमिनीला वारस लावावयाचा असो, आजोबा-पणजोबांचे नाव कोठे लिहिलेले आहे, हा प्रश्न दारात येऊन उभा राहतोच. जातीच्या दाखल्यासाठी आवश्यक असलेला पुरावा अनुसूचित जातींच्या बाबतीत १० ऑगस्ट १९५०, अनुसूचित जमातींच्या बाबतीत ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त जाती व भटक्या जमातींच्या बाबतीत २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागासवर्गीयांच्या बाबतीत १३ ऑक्टोबर १९६७ या दिनांकांपूर्वीचा असावा लागतो. साहजिकच आजचा अर्जदार दोन किंवा तीन पिढ्या मागे जातो.

या वसाहतीत काम करणाऱ्या अनेकांची मूळ गावे अन्य तालुक्यांत आणि जिल्ह्यांत आहेत. गाव सुटले की गावच्या दप्तराशी असलेला संबंधही सुटतो. म्हणून हा विषय येथे मांडणे मला अगत्याचे वाटले.

जनगणनेचे कागद कोठे गेले ?

पुष्कळांचा पहिला प्रश्न असा असतो की, दर दहा वर्षांनी सरकार घरोघर जाऊन माणसे मोजते, मग माझ्या पणजोबांचे नाव त्या कागदांत का सापडू नये ? विलायतेत ते सापडते. तेथे १८४१ पासूनची घरनिहाय पत्रके जतन केलेली असून शंभर वर्षे उलटली की ती सर्वांना खुली होतात. १९२१ च्या गणनेची पत्रके २०२२ मध्ये खुली झाली. अमेरिकेत ही मुदत ७२ वर्षांची आहे. आपल्याकडील स्थिती मात्र वेगळी आहे.

मुंबई इलाख्यात १८७२ मध्ये पद्धतशीर शिरगणती झाली. १७ फेब्रुवारी १८८१ च्या रात्री सर्व देशभर एकाच वेळी गणना करण्यात आली. इलाख्यातील त्या कामाची सूत्रे जे. ए. बेन्स या अधिकाऱ्याकडे होती आणि पुढे १८९१ मध्ये तेच हिंदुस्थानचे जनगणना आयुक्त झाले. गणनेचे ध्येय आकडे मिळविणे हे होते. गावोगावच्या पत्रकांवरून गोषवारे तयार झाले की मूळ पत्रके सांभाळण्याचे प्रयोजन उरत नसे आणि ती नष्ट केली जात. १९०१ पासून प्रत्येक माणसामागे एक चिठ्ठी करून त्या चिठ्ठ्यांची वर्गवारी करण्याची पद्धत आली. त्या चिठ्ठ्यांची गतही तीच झाली. स्वातंत्र्यानंतर १९४८ चा जनगणना कायदा आला. त्याच्या कलम १५ अन्वये वैयक्तिक नोंदी कोणालाही पाहता येत नाहीत आणि एरवी न्यायालयात पुरावा म्हणूनही चालत नाहीत. ही गोपनीयता नागरिकाच्याच हिताची आहे. प्रगणकाला दिलेली माहिती आपल्याविरुद्ध वापरली जाणार नाही, या विश्वासावर सर्व गणना उभी असते. १ मार्च २०२७ हा संदर्भ दिनांक धरून होणाऱ्या गणनेची अधिसूचना १६ जून २०२५ रोजी निघाली. तिच्यात जातीचीही नोंद व्हावयाची आहे. त्या गणनेच्या बाबतीतही लोकांना हेच समजावून सांगावे लागेल.

तथापि या नियमाला एक महत्त्वाचा अपवाद घडून आला. १९५१ च्या गणनेच्या वेळी चिठ्ठ्यांवरील ठळक माहिती गावनिहाय व घरनिहाय एका नोंदवहीत उतरवून घेण्यात आली. तिला नागरिकांचे राष्ट्रीय रजिस्टर असे नाव आहे. न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीची स्थापना सप्टेंबर २०२३ मध्ये झाली आणि तिच्या कामाच्या निमित्ताने कुणबी नोंदींचा शोध राज्यभर सुरू झाला. तेव्हा तपासावयाच्या अभिलेखांच्या यादीत या रजिस्टरचाही समावेश होता. ज्या गावी ते सुस्थितीत आहे, तेथे घराण्याच्या शोधात त्याचा मोठा आधार मिळतो.

आकड्यांचाही उपयोग आहे

जनगणनेच्या छापील अहवालांत नावे नसली, तरी ते निरुपयोगी ठरत नाहीत. १९५१ पासून प्रसिद्ध होत असलेल्या जिल्हा जनगणना पुस्तिकांत गावाचे नाव, क्षेत्र, घरे व लोकसंख्या दिलेली असते. आपले गाव त्या वेळी कोणत्या तालुक्यात मोडत होते, हे कळल्याशिवाय दप्तर कोठे शोधावे हेच कळत नाही. खुद्द बारामती एकोणिसाव्या शतकात भीमथडी तालुक्यात होती. तेव्हा जुन्या कागदांत ‘तालुके बारामती’ असे शोधणाऱ्याच्या हाती काही लागणार नाही.

घराणे स्थलांतरित का झाले, याचा उलगडाही आकड्यांतून होतो. १९०१ मध्ये पुणे जिल्ह्याची लोकसंख्या ९,९५,३३० होती. मागील दशकाच्या मानाने ती सुमारे सात टक्क्यांनी घटली होती. १८९६-९७ व १८९९-१९०० चे दुष्काळ आणि प्लेगची साथ ही त्यामागील मोठी कारणे. आपल्या घरात ‘आजा दुष्काळात गाव सोडून आला’ अशी आठवण सांगितली जात असेल, तर ती कोणत्या दुष्काळाची हे ठरविण्यास अशा आकड्यांचे साहाय्य होते. नीरा डावा कालवा आल्यावर बागायतीच्या निमित्ताने या भागात बाहेरून कुटुंबे आली. पुढे वालचंदनगरसारख्या साखर कारखान्यांच्या वसाहतींनी मजूर व कारागीर आणले. उजनी धरणाच्या पाण्याखाली इंदापूर तालुक्यातील पळसदेवसारखी जुनी गावठाणे गेली आणि वस्ती नव्या जागी उठून आली. अशा कुटुंबांनी जुन्या व नव्या अशा दोन्ही ठिकाणांच्या नोंदी पाहिल्या पाहिजेत.

इंदापूर-सुप्याचे कागद

या दोन तालुक्यांच्या बाबतीत एक भाग्याची गोष्ट आहे. मुंबई इलाख्यातील ज्या जमीनमोजणीतून आपला सर्व्हे नंबर जन्मास आला, तिचा आरंभ इंदापुरात झाला. प्रिंगल या अधिकाऱ्याने १८२७ नंतर पुणे जिल्ह्यात केलेली आकारणी जड ठरली आणि जमिनी ओस पडू लागल्या. तेव्हा १८३५ मध्ये गोल्डस्मिड व लेफ्टनंट विंगेट यांनी इंदापुरात नव्याने मोजणी हाती घेतली. १८३६ पासून तीस वर्षांच्या मुदतीची जमाबंदी लागू झाली. शेताला क्रमांक, हद्दीला निशाण आणि खातेदाराचे नाव ही व्यवस्था येथून इलाखाभर पसरली. सामान्य कुणब्याचे नाव त्याच्या शेतासह सलग लिहिले जाण्याची ही सुरुवात होय.

दुसरी घटना सुप्याची. १२ मे १८७५ रोजी सुप्याच्या बाजारात शेतकऱ्यांनी सावकारांची कर्जखते हिसकावून जाळली. दख्खनचे दंगे म्हणून इतिहासात ते प्रसिद्ध आहेत. त्यांच्या चौकशीनंतर १८७९ चा दख्खन शेतकरी साहाय्य कायदा झाला आणि शेतकऱ्याने करून द्यावयाचा दस्त ग्राम-निबंधकासमोर लिहिला जाण्याची तरतूद झाली. त्यामुळे गहाणखत, खरेदीखत यांसारख्या दस्तांत सामान्य माणसाचे नाव, बापाचे नाव, गाव व धंदा यांची नोंद होऊ लागली.

याहून मागे जावयाचे तर पुण्याचे पुराभिलेखागार आहे. लोक त्यास पेशवे दप्तर म्हणून ओळखतात. हजारो रुमालांत बांधलेल्या तेथील कागदांत पेठांच्या व कसब्यांच्या खानेसुमारीचे कागदही आहेत. खानेसुमारी म्हणजे घरांची गणती. इंग्रजांची शिरगणती येण्यापूर्वीही आपल्याकडे गणती होत होती, याचा हा पुरावा आहे.

शोध कसा घ्यावा ?

शोधाचा पहिला नियम असा की, माहीत असलेल्याकडून माहीत नसलेल्याकडे जावे. थेट पणजोबांचा कागद शोधावयास निघू नये. प्रथम घरातील वडीलधाऱ्या माणसांकडून नावे, नाती, आजोळ, कुलदैवत व सोडलेले गाव यांची माहिती लिहून घ्यावी. त्यावरून वंशावळीचा कच्चा तक्ता करावा. नंतर एकेक नाव कागदाने सिद्ध करीत मागे जावे.

वडिलांच्या शाळा सोडल्याच्या दाखल्यावरून शाळेचे जनरल रजिस्टर गाठता येते. त्यात जन्मतारीख, जन्मस्थान व जात यांचा उल्लेख असतो. त्या आधारे गाव नमुना १४, म्हणजे जन्म-मृत्यूची नोंदवही पाहावी. खेड्यांत हिला कोतवाल बुक म्हणतात. त्यानंतर जमिनीचे कागद येतात : सातबारा, फेरफाराची नोंदवही म्हणजे गाव नमुना ६, वारस नोंदवही म्हणजे ६-क, तसेच भूमि अभिलेख कार्यालयातील क्लासर रजिस्टर व शेतवारपत्रक. यांपैकी फेरफारास मी अधिक महत्त्व देतो. खातेदार मयत झाल्यावर त्याचे मुलगे, मुली व विधवा यांची नावे नात्यासह एकाच ठिकाणी लिहिली जातात. दोन पिढ्यांना जोडणारा याहून स्पष्ट दुवा मिळणे कठीण. बऱ्याच गावांचे जुने सातबारे व फेरफार ‘आपले अभिलेख’ या शासकीय संकेतस्थळावर पाहावयास मिळतात. ज्यांच्या नावे जमीन नव्हती, त्यांनी निराश होऊ नये. शाळा, जन्म-मृत्यू, दुय्यम निबंधक, पोलीस व कारागृह यांच्या जुन्या नोंदवह्यांतही नावे असतात. पंढरपूर, नाशिक, त्र्यंबकेश्वर येथील तीर्थोपाध्यायांच्या वह्या आणि दक्षिण महाराष्ट्रात फिरणाऱ्या हेळव्यांची वंशकथने यांतूनही धागा मिळतो. मात्र तो कागदाशी ताडून पाहिला पाहिजे.

जुना कागद वाचताना तीन अडचणी येतात. पहिली लिपीची. विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंतचे बरेच दप्तर मोडीत आहे. मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळला जात नाही आणि शब्द तोडून लिहिले जात नाहीत. तेव्हा जाणकाराची मदत घ्यावी. दुसरी नावाची. जुन्या नोंदींत पुष्कळदा आडनाव नसते. ‘धोंडी बिन सखाराम’ किंवा ‘वलद सखाराम’ म्हणजे सखारामाचा मुलगा, आणि ‘कोम’ म्हणजे अमक्याची पत्नी. एकच विठ्ठल कोठे इठ्ठल, कोठे इठू, तर कोठे विठोबा होतो. तिसरी सनाची. शक संवत्सरात ७८ मिळविले की इसवी सन येतो. दक्षिणी फसली सनात ५९० मिळवावे लागतात आणि वर्ष मृगापासून सुरू होते. शके १७५८ आणि फसली १२४६ ही दोन्ही १८३६-३७ चीच वर्षे, हे ध्यानात ठेवले म्हणजे गोंधळ टळतो.

सूची हवी

अमेरिकेत १९३० च्या दशकात जुन्या जनगणनेतील नावांची उच्चारानुसार कार्डसूची करण्यात आली. एकाच आडनावाची निरनिराळी लेखने त्यामुळे एकत्र सापडू लागली. आपल्याकडेही कुणबी नोंदींच्या शोधात कर्मचाऱ्यांनी कोट्यवधी नोंदी पाने उलटून तपासल्या आणि पन्नास लाखांहून अधिक नोंदी आढळल्याचे शासनाने जाहीर केले. सापडलेले अभिलेख जिल्ह्यांच्या संकेतस्थळांवर ठेवण्यात आले. परंतु हा शोध एका विशिष्ट कारणासाठी झाला. भटक्या जमातींतील मुलाला, भूमिहीन मजुराला किंवा वारसाहक्क मागणाऱ्या बहिणीलाही तीच वही उघडावी लागते. प्रत्येकासाठी प्रत्येक वेळी पहिल्या पानापासून आरंभ करावा लागणे हे श्रमाचे आणि जीर्ण कागदाला घातकही आहे.

म्हणून माझी सूचना अशी की, प्रत्येक गावाने आपल्या जन्म-मृत्यू नोंदवहीची व शाळेच्या जनरल रजिस्टरची नामसूची सक्षम अधिकाऱ्याच्या परवानगीने करून घ्यावी. नाव, वडिलांचे किंवा पतीचे नाव, आडनाव असल्यास ते, वर्ष, वहीचा क्रमांक आणि पानाचा क्रमांक एवढे रकाने पुरेत. जात किंवा अन्य खाजगी तपशील सूचीत घेण्याचे कारण नाही. तो मूळ वहीत आहेच. नाव जसे लिहिले आहे तसेच उतरावे, शुद्धलेखन सुधारू नये. न वाचता आलेल्या जागी तसे चिन्ह करावे, अंदाजाने भर घालू नये.

येथे एक कटू गोष्टही बोलली पाहिजे. मूळ नोंदीत खाडाखोड करणे, मागाहून शब्द घुसडणे असे प्रकार कोणाच्या आग्रहाखातर घडता कामा नयेत. शाई, वळण व ओळींतील अंतर यांवरून ते उघडकीस येतात. मग एका अर्जदाराच्या लोभापायी त्या वहीतील शेकडो निरपराध माणसांच्या नोंदी संशयास्पद ठरतात.

कागद एकदा गेला की परत येत नाही. अमेरिकेच्या १८९० च्या गणनेचे बहुतेक कागद १९२१ च्या आगीत व त्यानंतरच्या हेळसांडीत गेले. इंग्लंडच्या १९३१ च्या गणनेची पत्रके १९४२ मध्ये जळाली. संपन्न राष्ट्रांची ही गत, तर ओलीच्या खोलीत, वाळवीच्या तोंडी पडलेल्या आपल्या गठ्ठ्यांची काळजी किती घ्यावयास हवी ! ग्राम महसूल अधिकारी, म्हणजे पूर्वीचे तलाठी, मुख्याध्यापक आणि पंचायत सदस्य यांनी मिळून येत्या पावसाळ्यापूर्वी आपल्या गावातील जुन्या वह्यांची यादी करावी, त्या कोरड्या जागी हलवाव्यात आणि कोणती वही कोठे आहे हे कार्यालयाच्या फलकावर लावावे. यास फारसा खर्च नाही. पण त्या वहीतील एका ओळीवर एखाद्या मुलाचा प्रवेश किंवा एखाद्या विधवेची जमीन अवलंबून असते, एवढे लक्षात ठेवून हे काम हाती घ्यावे, अशी विनंती करून मी माझे भाषण पुरे करतो.